उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपने जीएसटी नंबर घ्यावा का? आधी वही, मग नंबर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार. बावीस वर्षं लोकांचं कास्टिंग (ओतीव भाग) घेऊन त्यावर मशिनिंग करून द्यायचं काम चालू आहे. वर्षाला सोळा-सतरा लाखांचं काम, जवळपास सगळं रोखीत, हिशोब वहीत. आता शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, महिन्याला दीड लाखाचं काम द्यायला तयार आहे, पण जीएसटी नंबर हवा म्हणते. मुलाला कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घ्यायचं आहे. मामा जीएसटीतली कमी कागदांची, ठरावीक दराची योजना सुचवतात, "कंपोझिशन घे, कटकट नको." वडील म्हणतात, "एकदा आत गेलं की बाहेर येता येत नाही, आणि मागचं सगळं उकरून काढतात." शेवटी मुलाने विचारलंय, सरकार मोठ्यांना सोडून आमच्यासारख्यांनाच का आत ओढतंय?

मी २६ वर्षं कोल्हापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. विक्रीकराच्या काळात सुरुवात केली, २००५ साली व्हॅट आला, मग एलबीटी, म्हणजे महापालिकेचा स्थानिक संस्था कर, आला आणि गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. प्रत्येक वेळी तुमच्या वडिलांसारखी माणसं माझ्यासमोर बसून हेच बोलली आहेत, आणि त्यांची भीती मला कधीच खोटी वाटली नाही. पण ती भीती नेमकी कशाची, हे एकदा सुटं करून बघायला हवं. माझ्या अनुभवात छोट्या माणसाला कराच्या दराची भीती फारशी नसते. त्याला भीती असते ती पैसे हातात यायच्या आधी सरकारला भरायची, आणि एकदा सुरू झालं की कधीच न संपणाऱ्या कागदांची. तुमचा प्रश्न नंबराचा दिसतो, पण त्याच्या पोटात उधारीचा आणि वहीचा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही" असं सगळीकडे सांगितलं जातं. ती मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे, पण फक्त माल विकणाऱ्यांना. दुसऱ्याचं कास्टिंग आणून त्यावर मजुरीने काम करून देणं ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि सेवेला मर्यादा २० लाखांची. तुम्ही स्वतःचा रॉड विकत आणून पार्ट करून विकत असाल तर तो माल झाला, तिथे ४० लाख. दोन्ही करत असाल तर २० लाखच धरायचे. उद्यमनगरात बरेच जण दोन्ही करतात आणि स्वतःला चाळीस लाखांत समजतात. हा घोळ मी दर वर्षी दोन-तीन वेळा तरी निस्तरतो.

म्हणजे आजपर्यंत तुमचे वडील सोळा-सतरा लाखांवर होते, मर्यादेच्या आत होते, त्यांनी काही चुकवलेलं नाही. जीएसटीत मागचं उकरून काढायला तिथे काही नाहीच. फक्त एक बघा: ही उलाढाल वडिलांच्या पॅनवरची सगळी मिळून मोजतात. त्याच पॅनवर दुसरा काही धंदा असेल तर तोही यात येतो. एखाद्या वर्षी वीस लाख ओलांडले असतील, तर मात्र ते लपवून नवीन नंबर घेऊ नका. स्वतःहून व्याजासकट भरलं तर प्रकरण सहसा तिथेच मिटतं. नोटीस आल्यावर तेच दंडासह महागात पडतं.

आणि नवं काम घेतलंत, तर साडेसोळा अधिक अठरा, म्हणजे साडेचौतीस लाख होतील. वीस लाख ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा फौंड्रीने मागितलं म्हणून नंबर घ्यायचा, असं हे राहिलेलं नाही. ते काम घ्यायचं ठरवलं की नंबर आलाच.

मामांचा सल्ला काळजीपोटीचा आहे, पण तुमच्या कामाला तो बसत नाही. सेवेसाठीचं कंपोझिशन ५० लाखांपर्यंत मिळतं आणि दर ६ टक्के आहे. रिटर्न कमी, हे खरं. पण कंपोझिशनवाल्याला बिलात कर लावता येत नाही, ते ६ टक्के स्वतःच्या खिशातून जातात, आणि समोरच्या फौंड्रीला त्या बिलावर एक रुपयाचंही क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट म्हणजे खरेदीच्या बिलात दिलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करायची सोय. फौंड्री नंबर मागते ती या क्रेडिटसाठीच. कंपोझिशनचा नंबर घेऊन गेलात तर ती पुन्हा तुम्हाला परत पाठवेल. किराणा दुकान, छोटं हॉटेल, थेट गिऱ्हाइकाला विकणारा चप्पलवाला यांच्यासाठी कंपोझिशन चांगलं आहे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट नकोच असतं. कारखान्याला पुरवठा करणाऱ्याने नेहमीची नोंदणीच घ्यावी.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे तो हिशोब. तुमच्या जुन्या सोळा-सतरा लाखांच्या कामात नंबर असलेली गिऱ्हाइकं किती? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय कुणीही तुम्हाला छातीठोक सल्ला देऊ नये. नंबर घेतला की कर सगळ्यांच्याच बिलात लावावा लागतो. सोयीसाठी दर १८ टक्के धरू, तुमच्या कामाचा नेमका दर आधी तपासून घ्या. नंबर असलेलं गिऱ्हाईक १८ टक्के वर देईल, कारण त्याला ते परत मिळतात. पण शेजारच्या गाळ्यातला, तुमच्यासारखाच बिननंबराचा माणूस म्हणणार, "आबा, कालपर्यंत हजारात करत होता, आज अकराशे ऐंशी कशाला?" त्याने वाढीव पैसे नाकारले आणि तुम्ही जुन्याच भावात काम केलंत, तर कर तुमच्या मजुरीतून जाईल. सगळंच जुनं काम अशा लोकांचं असेल तर साडेसोळा लाखांतून वर्षाला सुमारे अडीच लाख. फौंड्रीच्या कामातून कामगार, टूल, वीज वजा जाता त्याहून चांगलं जास्त उरत असेल तरच हा व्यवहार करा. आज रात्री वडिलांसोबत बसा, वहीतली गेल्या वर्षाची गिऱ्हाइकं दोन रंगांच्या पेनांनी खुणा करून वेगळी काढा. नंबरवाले एका रंगात, बाकीचे दुसऱ्या. तुमच्या निर्णयाचा अर्धा भाग त्या खुणांमध्येच आहे.

सीएनसीबद्दल एक गोष्ट मोठ्याने सांगतो, कारण ती चूक एकदा झाली की दुरुस्त होत नाही. आधी नंबर, मग मशीन. नोंदणीच्या आधी हातात असलेल्या कच्च्या मालावरचं क्रेडिट ठरावीक मुदतीत मागता येतं, पण बिननंबराच्या माणसाने आधी घेतलेल्या मशीनवरचं मिळत नाही. समजा मशीन १५ लाखांचं आहे. त्यावर १८ टक्क्यांनी दोन लाख सत्तर हजार कर. नंबर यायच्या आदल्या आठवड्यात बिल झालं तर ते पैसे गेले. नंतर झालं तर ते तुमच्या खात्यात क्रेडिट म्हणून उभे राहतात. फौंड्रीच्या दीड लाखाच्या बिलावर महिन्याचा कर २७ हजार. म्हणजे फक्त त्या बिलांपुरतं बोलायचं तर दहा महिन्यांचा कर त्या क्रेडिटमधून फिटतो. डीलर "या महिन्यात स्कीम आहे, लगेच बुक करा" म्हणेल. त्याला थांबायला सांगा. आयकरात घसारा (मशीनच्या झिजेची वजावट) काढताना मात्र मशीनची किंमत कर वगळून धरायची. दोन्हीकडे फायदा घेता येत नाही.

ही दहा महिन्यांची उसंत महत्त्वाची का, तर आता उधारीकडे येऊ. जीएसटीत बिल फाडलं की कर देय झाला, पैसे आले की नाही ते कुणी विचारत नाही. फौंड्री ९० दिवसांनी पैसे देत असेल, तर तीन महिन्यांचा कर, ८१ हजार, तुम्ही तिच्या वतीने आधीच भरून बसलेले असता. दोन लेथवाल्या माणसाला हे ८१ हजार म्हणजे दोन कामगारांचे पगार. "जीएसटीने धंदा मोडला" असं सांगणारे जे माझ्याकडे येतात, त्यातले बहुतेक या उधारीने मोडलेले असतात. पहिल्या वर्षी मशीनचं क्रेडिट तुम्हाला सांभाळेल. त्या वर्षात फौंड्रीची पैसे द्यायची सवय कशी आहे ते कळेल, आणि दुसऱ्या वर्षासाठी थोडी रक्कम बाजूला काढता येईल.

याच कारणासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केंद्राकडची नोंद, करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, एजंटाला दोन-तीन हजार देऊ नका. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात असा नियम आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. वर्षअखेर ते थकलेले असले तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. वसुलीसाठी तक्रारीची सोय आहे, उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही आहे. पण खरं सांगतो, ज्याच्या एका कामावर घर चालतं त्याच्यावर कुणी तक्रार करत नाही. आयकराचा हा नियम मात्र तक्रार न करता काम करतो. मार्च जवळ आला की कंपन्यांच्या अकाउंटवाल्यांचे फोन येतात, "तुमच्या पार्टीचं उद्यम सर्टिफिकेट आहे का? पेमेंट सोडायचंय." इतक्या वर्षांत छोट्याच्या बाजूने इतक्या शांतपणे चालणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

आता वही. माझे एक पक्षकार होते, त्यांचंही असंच वर्कशॉप. ते येणं-जाणं शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे. सकाळी शटर वर गेलं की हिशोबही गुंडाळून वर जायचा, रात्री खाली आला की पुन्हा दिसायचा. कुणाचे किती नग आले, किती गेले, किती रिजेक्ट झाले, सगळं तिथे. माणूस अत्यंत सचोटीचा, गिऱ्हाइकाचा एक नग इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण पावसाळ्यात शटरला ओल आली आणि एका मोठ्या पार्टीचे आकडे निम्मे पुसले गेले. त्या वेळी त्यांचं जे नुकसान झालं ते कराने कधी केलं नव्हतं. त्यानंतर नंबर घ्यायच्या आधी मी त्यांच्याकडून सहा महिने फक्त वही लिहून घेतली. तुम्हालाही तेच सांगतो, पण तुमच्याकडे सहा महिने नसतील, तर निदान दोन. फौंड्री माल पाठवते तेव्हाचं चलन, म्हणजे मालासोबतचा कागद, एका फाइलला. माल परत जाताना आपलं चलन, नग आणि वजन लिहून, टेंपोवाल्याच्या सहीसकट. कामगारांचा पगार जमेल तितका बँकेतून. धंद्याचं चालू खातं वेगळं, घरचं वेगळं. ही सवय लागली की रिटर्न हे महिन्याचं अर्ध्या तासाचं काम उरतं. सवय नसेल तर कितीही हुशार सल्लागार ठेवा, तो अंदाजाने आकडे भरणार.

नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँक खातं, आणि जागेचा पुरावा लागतो. गाळा स्वतःचा असेल तर घरफाळ्याची पावती किंवा वीजबिल, भाड्याचा असेल तर भाडेकरार. १ नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याचा कर अडीच लाखांच्या आत असणाऱ्यांना तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देण्याची सोपी सोय आहे, तुम्ही त्यात बसता. पाच कोटींच्या आतल्यांना तिमाही रिटर्नची सवलत आहे, ती घ्या. पण एक लक्षात ठेवा: तिमाही रिटर्न असलं तरी फौंड्रीची बिलं दर महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवा. ती चढली नाहीत तर फौंड्रीला क्रेडिट दिसत नाही, आणि ती तुमच्या बिलातली कराची रक्कम अडकवून ठेवते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तोही आताच सुरू करा.

"बाहेर येता येत नाही" हे वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कायद्याने बाहेर येता येतं. उलाढाल कमी झाली, धंदा बंद केला, तर रद्द करण्याचा अर्ज करायचा, शिल्लक मालावरचं आणि मशीनवरचं क्रेडिट हिशोबाने परत करायचं, तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरायचं. लोक अडकतात ते दुसऱ्याच कारणाने. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी आजारपणात वर्कशॉप बंद ठेवलं आणि "धंदाच नाही तर रिटर्न कसलं" म्हणून काही भरलं नाही. धंदा शून्य असला तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. तिमाहीवाल्याने सलग दोन रिटर्नं चुकवली की अधिकारी नोंदणी रद्द करू शकतो, आणि त्यांची झाली. विलंब शुल्क मोठं नव्हतं. पण नंबर रद्द दिसताच पार्टीने पैसे थांबवले, आणि सगळी रिटर्नं भरून नंबर चालू होईपर्यंत नुकता आजारातून उठलेला माणूस चकरा मारत राहिला. घरातल्या एकाने, तुम्हीच, या तारखा स्वतःकडे घ्या.

आयकराचं त्यामानाने सोपं आहे. दोन कोटींपर्यंतच्या धंद्याला अंदाजित नफ्याची योजना आहे, जुन्या कायद्यात तिला ४४एडी म्हणत. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायचा. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, त्यामुळे तुमच्या आकड्यांवर बहुधा आयकर येणारच नाही. म्हणून खरा नफा आहे तोच दाखवा. सहा टक्क्यांवर दोन-सव्वादोन लाख दाखवणारे अनेक जण मग बँकेत पंधरा लाखांचं मशीन-कर्ज मागायला जातात, आणि मॅनेजर रिटर्न बघून विचारतो की यातून हप्ता कसा भरणार. बँका साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्नं बघतात. वडिलांनी आजवर भरली नसतील तर यंदापासून भरा, आणि कर्जासाठी अर्ज करताना फौंड्रीची लेखी ऑर्डर जोडा.

राहिला शेवटचा प्रश्न, आमच्याच मागे का. केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात शेती सोडून असे सुमारे ७.३४ कोटी छोटे, नोंदणीकृत कंपनी नसलेले व्यवसाय आहेत, आणि जीएसटीत नोंदलेले सुमारे दीड कोटी. उरलेल्यांकडून मोठा महसूल येईल असं मला वाटत नाही, बहुतेक जण मर्यादेच्या आतच आहेत. सरकारला त्यांची गरज आहे ती साखळीसाठी. मधली एक कडी बिनबिलाची असली की तिच्या मागचं आणि पुढचं सगळं दिसेनासं होतं, आणि त्या अंधाराचा फायदा मोठेच जास्त घेतात.

पण आत आणायची पद्धत महत्त्वाची. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. दूध, भाजी यांसारख्या करमुक्त मालाची विक्रीही त्या आकड्यात मिसळलेली होती. बंगळूरच्या दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि "फक्त रोख" असे कागद लागले. वर्षानुवर्षं लोकांनी कष्टाने लावलेली सवय एका नोटिशीने मागे गेली. आपल्याकडे टोलचं आंदोलन पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: पैसे कशाचे आणि हिशोब बरोबर आहे का, हे पटलं नाही तर लोक दहा रुपयेही देत नाहीत. तुमच्याकडे बघा, बावीस वर्षांत कुठल्याही नोटिशीने जे झालं नाही ते एका फौंड्रीच्या ऑर्डरने होतंय.

मला विचाराल तर दोन गोष्टी बदलायला हव्यात. सेवेची २० लाखांची मर्यादा २०१७ पासून तशीच आहे, मजुरी आणि वीज तशी राहिलेली नाही. आणि सेवाकराच्या काळात ५० लाखांपर्यंतच्या छोट्या व्यक्तींना आणि भागीदारी संस्थांना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती, ती जीएसटीने काढून घेतली. ती परत आली तर तुमच्या वडिलांच्या भीतीतला मोठा भाग एका दिवसात संपेल. ब्राझीलमध्ये २००८ च्या कायद्याने एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी महिन्याला एक छोटी ठरावीक रक्कम ठेवली, आणि तिच्यातच निवृत्तिवेतनाचं अंशदान घातलं. बावीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला भरलेल्या करातून म्हातारपणी काही मिळेल असं सांगता आलं असतं, तर मला त्याला पटवायला इतके शब्द लागले नसते.

तेव्हा क्रम असा ठेवा: गिऱ्हाइकांच्या खुणा, चालू खातं, वही आणि चलनांची फाइल, उद्यम, जीएसटी, आणि सगळ्यात शेवटी मशीन. फौंड्रीशी बोलताना भाव ठरवायच्या आधी पैसे किती दिवसांत देणार ते ऑर्डरवर लिहून घ्या, आणि भाव "कर सोडून" आहे हेही त्याच कागदावर. ती बोलणी करायला वडिलांना सोबत न्या. कोणती पार्टी पैसे वेळेवर देते आणि कोणती फिरवते, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.